एक इंग्रजी शब्द, चार फ्रेंच शब्द : कोकणातल्या यजमानांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवणपासून थोड्या अंतरावर आमचं दोन खोल्यांचं न्याहारी-निवास आहे. लग्नाआधी मी पुण्यात फ्रेंच शिकले, पुढे काही वर्षं शिकवलंही. इथे आल्यावर ते सगळं माळ्यावर जाईल असं वाटलं होतं, झालं उलटंच. कुणी मेनूकार्ड घेऊन येतं, कुणी बागेची पाटी, कुणी बोटीवरच्या सूचना. "वैनी, ह्यां फ्रेंचात व्हया," एवढंच म्हणतात आणि कागद पुढे करतात. कागद असतो इंग्रजीत, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. तेच ते प्रश्न दर हंगामात येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे.

शब्दकोशात बघायचं आणि लिहायचं, यात अवघड काय?

आमच्या मोदकांची गोष्ट ऐका. पहिल्याच वर्षी आम्ही पाहुण्यांसाठी इंग्रजी पत्रक केलं होतं. त्यात एक ओळ होती, की गणपतीत आमच्याकडे उकडीचे मोदक लाकडी साच्यात करतात. (सासूबाई हातानेच कळ्या पाडतात. साचा माझा, आणि त्यावरून बोलणीही मीच खाते.) भाच्याने फोनवर त्या पत्रकाचं फ्रेंच करून दिलं. चतुर्थी तोंडावर आलेली, घर रंगवायला काढलेलं. मी न वाचता छापायला दिलं. फ्रेंच शिकवणारी बाई घरात असून!

इंग्रजीत 'मोल्ड' म्हणजे साचा, आणि 'मोल्ड' म्हणजे बुरशीही. फ्रेंचमध्ये साच्याला 'मूल' म्हणतात आणि बुरशीला 'म्वाझिस्यूर'. आमच्या पत्रकात म्वाझिस्यूर छापलं गेलं. म्हणजे मोदक लाकडावरच्या बुरशीत. दोनशे प्रती.

एका फ्रेंच पाहुण्यांनी अगदी अदबीने विचारलं, "आमच्याकडे रोकफोर चीजला बुरशी असते, तसंच का हे?" माणूस सभ्य, चव बघायलाही तयार. मला मात्र जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

शब्दकोशात दोन्ही अर्थ दिलेले असतातच. त्यातला आपला कोणता, हे मात्र शब्दकोश सांगू शकत नाही.

मग आपला अर्थ ओळखायचा कसा?

माझी एकच युक्ती आहे. इंग्रजी शब्द आधी मराठीत फोडायचा, मग फ्रेंचात न्यायचा. इंग्रजीतून थेट फ्रेंचमध्ये उडी मारली की पाय घसरतो, कारण दोन्हीकडे तोंडओळखीचे शब्द दिसतात आणि आपण फसतो. मधे मराठी आणली की ती बहुतेक वेळा आपणहून विचारते, "साचा म्हणतेस की बुरशी?"

'स्प्रिंग' घ्या. फ्रेंचमध्ये याला निदान चार शब्द आहेत. ऋतू असेल तर 'प्रँताँ'. जमिनीतून येणारं पाणी असेल तर 'सूर्स'. गादीतली किंवा बॉलपेनातली तारेची गुंडाळी असेल तर 'रसॉर'. आणि उडी असेल तर 'बों'. मराठीत आपण वसंत, झरा, स्प्रिंग आणि उडी असे चार वेगळे शब्द सहज वापरतो. चार दारं, चार किल्ल्या. मराठी शब्द हातात आला की कुठली किल्ली घ्यायची हे उरतच नाही.

आता गंमत बघा. राजापूरजवळ उन्हाळे नावाचं गाव आहे, तिथे गरम पाण्याचा झरा आहे. दापोली तालुक्यात उन्हवरे आहे, संगमेश्वर तालुक्यात महामार्गालगत तुरळ आणि आरवली आहे. कोकणात गरम पाण्याच्या झऱ्यालाच उन्हाळं म्हणतात. म्हणजे इंग्रजांनी ऋतू आणि झरा एकाच शब्दात कोंबले, तेच आपणही केलं, फक्त ऋतू वेगळा निवडला! त्यामुळे 'उन्हाळे' हा शब्द यंत्राच्या हाती दिलात तर ते तुमच्या पाहुण्याला मे महिन्यात नेऊन ठेवील. फ्रेंचमध्ये लिहायचं 'सूर्स शोद', म्हणजे गरम झरा. नदीच्या उगमालाही 'सूर्स'च म्हणतात, तेव्हा त्याने काही बिघडत नाही.

एक धोका मात्र आहे. 'रसॉर' दिसायला आणि ऐकायला आपल्या रिसॉर्टसारखा आहे. "गरम पाण्याचं रिसॉर्ट" लिहायला जाल आणि गरम पाण्याची लोखंडी गुंडाळी लिहून बसाल.

ही फ्रेंच देवनागरीत वाचायची कशी?

चंद्रबिंदू किंवा अनुस्वार दिसला की आवाज नाकातून काढा, पुढे न-म उच्चारू नका. 'यू' लिहिलंय तिथे तोंडाने 'ई' म्हणा आणि ओठ 'ऊ'चे करा. 'र' घशातून, गुळणी करताना येतो तसा. फ्रेंच स्पेलिंगमधली शेवटची व्यंजनं बहुधा खाऊन टाकतात, इथे देवनागरीत लिहिलेली मात्र उच्चारा. एवढ्यावर पाहुण्याला कळतं. अगदी अस्सल उच्चार जमला नाही म्हणून कुणी जेवण सोडून गेलेलं नाही.

'फ्रेश वॉटर'ला फ्रेंचमध्ये काय म्हणायचं? 'फ्रेश' तर तिकडेही आहे ना?

हा प्रश्न किल्ल्यावरच्या गाईडांचा. सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं. चारी बाजूंना खारं पाणी, आणि आत तीन विहिरी : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. तिन्हींचं पाणी गोडं. पाहुण्याला हीच गोष्ट सगळ्यात नवलाची वाटते, आणि भाषांतरात नेमकी तीच हरवते.

फ्रेंचमध्ये ताज्याला पुल्लिंगी 'फ्रे' आणि स्त्रीलिंगी 'फ्रेश' म्हणतात. पाणी तिकडे स्त्रीलिंगी, म्हणून माणूस खुशाल 'ओ फ्रेश' लिहून मोकळा होतो. कानाला अगदी बरोबर वाटतं. पण 'ओ फ्रेश' म्हणजे गार पाणी. त्यांच्यात प्रेम आणि गार पाण्यावर जगणं असा एक वाक्प्रचारच आहे, नवपरिणितांना चिडवायला वापरतात. तुमच्या पाटीवर मग एवढंच उरतं, की किल्ल्यात गार पाण्याच्या तीन विहिरी आहेत. बरं मग? विहिरीचं पाणी गार असतंच. समुद्राच्या मधोमध पिण्याजोगं पाणी लागलं हे नवल कुठे गेलं?

फ्रेंचमध्ये खाऱ्याच्या उलट पाण्याला म्हणतात 'ओ दूस'. 'दूस' म्हणजे गोड, मऊ, सौम्य. अगदी आपलं 'गोडं पाणी'! इंग्रजी मधे आली नसती तर कुणीही मालवणी माणूस एका फटक्यात बरोबर फ्रेंच बोलला असता. विहिरीला 'प्युई', म्हणून 'प्युई दो दूस', गोड्या पाण्याच्या विहिरी. बावींची नावं तशीच ठेवा आणि पुढे अर्थ द्या : दुधाची, दह्याची, साखरेची. पाहुणे हसतात आणि लक्षात ठेवतात.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्रातले आणि किनाऱ्यावरचे चार आहेत. पॅरिसमध्ये भरलेल्या बैठकीत तो निर्णय झाला. तेव्हा फ्रेंच पाट्या आता वाढणार. निदान पाणी तरी बरोबर लिहूया.

मग ताज्या मासळीलाही 'दूस' लावायचं का?

नाही हो. मासळी ताजी, म्हणून 'प्वासों फ्रे'. पुन्हा मराठीला विचारा. मासे ताजे, पाणी गोडं, वारा गार, रंग ओला, खोबरं ओलं. इंग्रजीत हे सगळं 'फ्रेश'. फ्रेंचमध्ये मासे, वारा, रंग, खोबरं या चौघांना 'फ्रे-फ्रेश' चालतं, फक्त पाण्याला चालत नाही.

उलटी चूकही होते. एका शेजारीणबाईंनी ओल्या काजूची उसळ इंग्रजीत 'वेट कॅश्यू' लिहिली. यंत्राने इमानेइतबारे 'भिजलेले काजू' असं फ्रेंच करून दिलं. ओलं म्हणजे इथे भिजलेलं नव्हे, न वाळवलेलं, झाडावरून काढलेलं. 'न्वा द काझू फ्रेश' लिहा. काजूला 'काझू'च म्हणतात, कारण पोर्तुगिजांनी तो शब्द दोघांनाही दिला. 'न्वा' एकटा लिहिलात तर मात्र फ्रेंच माणूस अक्रोड समजतो. आणि बोल्टावरच्या नटाला 'एक्रू' म्हणतात, तो उसळीत घालू नका.

जाता जाता : मासा म्हणजे 'प्वासों', यात स दोनदा लिहितात. एक स गळला की होतं 'प्वाझों', म्हणजे विष. मेनूकार्डावर हा शब्द दोनदा तपासा. तीनदा तपासलात तरी चालेल.

जेवण 'हॉट' आहे हे कसं सांगू?

गरम असेल तर 'शो', तिखट असेल तर 'पिकाँ'. मालवणी मसाल्याच्या कोंबडीवर नुसतं 'शो' लिहिलंत, तर ते बिचारे फुंकर मारून खायला सुरुवात करतील. कमी तिखटाला 'दू', म्हणजे विहिरीच्या पाण्याचंच पुल्लिंगी रूप.

बोंबलाचं 'बॉम्बे डक' झालंय. पुढे?

पुढे काही नाही, तिथेच थांबा. फ्रेंचमध्ये ते 'कानार द बाँबे' होतं, आणि ज्याने बदक मागवलं त्याच्यापुढे कुरकुरीत मासा येतो. बोंबील, कोकम, सोलकढी, घावणे ही नावं तशीच ठेवायची आणि पुढे चार शब्दांत काय आहे ते सांगायचं. सगळ्याचं भाषांतर झालंच पाहिजे असा काही कायदा नाही. शिवाय 'कानार'चा दुसरा अर्थ खोटी बातमी. म्हणजे बदक नाही मिळालं तरी शब्द खरा ठरतो.

आंब्याच्या कलमाला काय शब्द? इंग्रजीत 'ग्राफ्ट' म्हणतात असं नर्सरीत सांगितलं.

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.

इंग्रजी 'ग्राफ्ट'चे अर्थ तीन तरी आहेत. झाडाचं कलम. माणसाच्या कातडीचं किंवा अवयवाचं रोपण. आणि अमेरिकन इंग्रजीत सरकारी लाचखोरी. ब्रिटनमध्ये तर घाम गाळून केलेल्या कष्टांनाही तेच म्हणतात. फ्रेंचमध्ये झाडाचं कलम आणि अवयवरोपण या दोहोंना 'ला ग्रेफ' हा एकच शब्द. लाचेला 'कोर्‍युप्स्यों', त्याचा ग्रेफशी काही संबंध नाही.

पण फ्रेंचमध्ये 'ल ग्रेफ' असाही एक शब्द आहे, फक्त पुल्लिंगी. त्याचा अर्थ कोर्टातलं दप्तर, जिथे निकालाचे कागद ठेवतात. तिथल्या कारकुनाला 'ग्रेफिए' म्हणतात. आंब्याची फांदी आणि कोर्टाचा कारकून एका शब्दात कसे काय?

दोन्हींचं मूळ लॅटिनमधल्या 'ग्राफियुम' या शब्दात आहे. त्याचा अर्थ मेणाच्या पाटीवर लिहायची अणकुचीदार लेखणी. कारकून लेखणी चालवतो, म्हणून त्याचं दप्तर ग्रेफ. आणि कलम करताना कापून टोक काढलेली काडी त्या लेखणीसारखी दिसते, म्हणून तीही ग्रेफ. इंग्रजी 'ग्राफ्ट' याच फ्रेंच शब्दावरून आला.

आता आपला शब्द बघा. 'कलम' अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला, त्याचा अर्थ लेखणी. आणि आपणही झाडाच्या जोडलेल्या काडीला कलमच म्हणतो! कोर्टातही कलम आहेच, कायद्याचं. दोन मुलखांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता, तासलेली काडी बघून तेच म्हटलं : ही तर लेखणी. आमच्या बागेत कलमं बांधायला येतात त्या काकांना हे सांगितलं, तर ते चाकू पुसत म्हणाले, "मग काय, बोरूच तो." त्यांनी काडीला दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन पाचर केली, कोयीतून आलेल्या कोवळ्या रोपाच्या खाचेत बसवली आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधली. काप खरंच बोरूच्या टोकासारखाच होता.

नर्सरीच्या पाटीसाठी शब्द : कलम करणं 'ग्रेफे', वरची काडी 'ग्रेफों', खालचं रोप किंवा खुंट 'पोर्त-ग्रेफ', म्हणजे कलम वाहून नेणारा. खुंटाला इंग्रजीत 'स्टॉक' म्हणतात, तो शब्द थेट फ्रेंचमध्ये नेलात तर गोदामातला माल होतो.

'प्लांट'चं काय? आंब्याचा प्लांट आणि जैतापूरचा प्लांट?

हे उदाहरण आमच्याच किनाऱ्यावर मिळावं, कमाल आहे. जैतापूरच्या अणुप्रकल्पाची बोलणी फ्रेंच कंपन्यांशीच चालत आली, आधी अरेवा, मग ईडीएफ. माडबनला प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, असा तो प्रस्ताव. तुम्ही त्याच्या बाजूचे असा की विरोधातले, इंग्रजी कागदात एकाच वाक्यात आंब्याचे प्लांट आणि विजेचा प्लांट शेजारी शेजारी बसू शकतात.

फ्रेंचमध्ये वीजनिर्मितीचा तो 'साँत्राल'. इतर कारखाना असेल तर 'युझीन'. वनस्पती म्हणायचं असेल तर 'प्लाँत'. आणि लावणीचं लहान रोप 'प्लाँ', शेवटचा त गिळून. हा शेवटचा लिहायला अगदी इंग्रजीसारखा असतो, म्हणून चकवतो. अणुप्रकल्पाला 'प्लाँ' म्हटलंत तर कुंडीत लावायचा होईल.

'क्रीक' फ्रेंचमध्येही 'क्रीक'च आहे. तो तरी तसाच ठेवू?

ठेवू नका. आपल्या खाडीला सरकारी इंग्रजीत 'क्रीक' म्हणतात, म्हणून दाभोळची खाडी, जयगडची खाडी, भाट्याची खाडी, सगळे 'क्रीक'. अमेरिकन माणसाला त्याच शब्दाने ओढा दिसतो. आणि फ्रेंच 'क्रीक' म्हणजे खडकांच्या कुशीतला छोटासा निवांत किनारा, पोहायला छान. दाभोळच्या खाडीत फेरीबोटीवर गाड्या चढवून लोक धोपाव्याला जातात. पाहुणा मात्र पोहायचे कपडे घालून तयार!

खाडीला 'एस्त्युएर' लिहा, नदी जिथे समुद्राला मिळते आणि भरतीचं पाणी आत येतं ती जागा. लांब आत शिरलेली असेल तर 'ब्रा द मेर', समुद्राचा हात. हा शब्द मला फार आवडतो. व्हाळ किंवा पऱ्या, म्हणजे ओढा असेल तर 'र्‍युइसो'.

मराठीत फोडला तरी अर्थ फुटत नाही, असं कधी होतं का?

होतं, आणि तिथे माझी युक्ती आपटते. 'रिव्हर'चं मराठी नदी. एकच. फ्रेंचमध्ये दोन : समुद्राला जाऊन मिळते ती 'फ्लव्ह', दुसऱ्या नदीला मिळते ती 'रिव्हिएर'. लांबीरुंदीचा संबंध नाही, शेवट कुठे होतो ते बघायचं.

त्यामुळे सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, कर्ली, तेरेखोल, या आपल्या सह्याद्रीतून उतरून लगेच समुद्राला मिळणाऱ्या आखूड नद्या, सगळ्या फ्लव्ह. खेडची जगबुडी वाशिष्ठीला मिळते, ती रिव्हिएर. घाटापलीकडची कोयना एवढी मोठी, केवढं धरण तिच्यावर, पण कऱ्हाडला कृष्णेत मिसळते, म्हणून रिव्हिएरच. कोकणच्या नद्यांना एरवी कुणी फार मोजत नाही. फ्रेंचमध्ये मान मिळतो. अशा छोट्या किनारी नद्यांना ते 'फ्लव्ह कोतिए' म्हणतात.

अशा वेळी शब्दकोश उपयोगी पडत नाही, नकाशा पडतो.

'शेल'ला किती शब्द आहेत?

पुष्कळ. वाळूत सापडलेला शिंपला किंवा अंड्याचं कवच 'कोकीय'. वेळासला अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाची पाठ 'कारापास'. नारळाची करवंटी 'कॉक', होडीचं बाहेरचं कवचही 'कॉक'. तोफेचा भरीव गोळा 'बूले' आणि फुटणारा गोळा 'ओब्यूस'. कासवांच्या पाटीवर ओब्यूस आला तर पिल्लांऐवजी बॉम्बशोधक पथक यायचं.

बोटीवर 'कॅन यू स्विम' असं लिहिलंय. हे सोपं आहे ना?

सोपं वाटतं, आणि चूक झाली तर जिवावर बेतेल. 'कॅन'चे दोन अर्थ. पोहता येतं का? आणि आत्ता पोहू शकता का? पहिल्याला फ्रेंच 'साव्वार' क्रियापद वापरते, दुसऱ्याला 'पूव्वार'. फ्रेंच माणसाला 'पूव्वार'ने विचारलं, तर तो म्हणेल, "हो, परवानगी असेल तर." येतं की नाही हे बाजूलाच राहिलं. मराठीत आपण "येतं का?" आणि "शकता का?" असा फरक रोज करतो, न शिकता. विचारा 'साव्हे-वू नाझे?', पोहता येतं का.

'यू'ही इथेच उरकते. पाहुण्याला 'वू', म्हणजे तुम्ही. लहान मुलाला 'त्यू', म्हणजे तू. इंग्रजीत हा फरक नाही, आपल्याला तो शिकवावा लागत नाही.

फेरीबोटीचा 'टाइम' लिहायचाय.

'ओरेर' लिहा, म्हणजे वेळापत्रक. घड्याळातली वेळ 'अर', 'दोन वेळा' मधली वेळ 'फ्वा', आणि एरवीचा काळ 'ताँ'. पण 'ताँ' म्हणजे हवामानसुद्धा. 'ताँ' लिहिलंत तर पाहुणे आभाळाकडे बघत बसतील आणि बोट निघून जाईल.

फोनवरचं भाषांतर मुळीच वापरू नये का?

वापरा की. मीही वापरते, हात दुखत असतील तेव्हा. पण दोन गोष्टी पाळा.

पहिली : सुटा शब्द देऊ नका, पूर्ण वाक्य द्या. शब्द दुहेरी असेल तर तो बदलाच. 'मोल्ड' ऐवजी 'मोदकाला आकार द्यायचं लाकडी भांडं' असं लिहा, मग ते बुरशीकडे जाणारच नाही. जमलं तर थेट मराठीच द्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती मला मोदकांनी शिकवली. आलेलं फ्रेंच तपासायला लोक ते परत इंग्रजीत करून बघतात. तसं केलं तर चूक दिसतच नाही. म्वाझिस्यूर परत इंग्रजीत नेला की 'मोल्ड'च येतो, आणि आपण म्हणतो, वा, बरोबर! ज्या दुहेरी शब्दाने घात केला, तोच साक्षीदार म्हणून उभा राहतो. म्हणून फ्रेंच परत मराठीत करून बघा. मराठीत 'बुरशी' दिसली असती, तर भाच्यालाही कळलं असतं, त्याला फ्रेंचचं अक्षर येत नसताना.

लिंग चुकलं तर अर्थ बदलतो का?

एरवी नाही, नुसतं ऐकायला विचित्र वाटतं. पण काही शब्दांत बदलतो. ग्रेफ वर झालाच. साचा 'ल मूल', पुल्लिंगी. 'ला मूल' म्हटलंत तर शिंपल्यातला एक जीव होतो, जो ते लोक बटाट्याच्या तळलेल्या कापांबरोबर पातेलंभर खातात. म्हणजे आमचं पत्रक बुरशीतून सुटलं असतं तरी मोदक शिंपल्यात अडकला असता. शब्दाबरोबर त्याचं 'ल' किंवा 'ला' लिहून ठेवायची सवय लावा.

"येवा, कोकण आपलाच आसा" याचं फ्रेंच काय करायचं?

'आपला' इंग्रजीत नेला की 'अवर' किंवा 'युअर' असं काहीतरी एक निवडावं लागतं, आणि दोन्हींत बोलावणं पातळ होतं. 'अवर' म्हटलं तर आमचं, तुमचं नाही. 'युअर' म्हटलं तर सातबारा लिहून दिल्यासारखं. फ्रेंचमध्ये दारात उभं राहून म्हणायचं वाक्य तयार आहे : 'वूझेत ईसी शे वू', इथे तुम्ही तुमच्याच घरी आहात. शब्द वेगळे आहेत, दार उघडण्याची रीत तीच. मी आमच्या फाटकावर हेच लिहिलंय.

आणि त्या दोनशे पत्रकांचं काय केलंत?

बारा-पंधरा वाटली गेली, ती गेली. उरलेल्यांची मागची बाजू कोरी होती. भाचा त्यावर गणितं सोडवतो, सासूबाई वाण्याची यादी लिहितात. परवा दुकानातून फोन आला, "वैनी, यादीच्या पाठी इंग्रजीत काय ता लिवलंला आसा?" म्हटलं, इंग्रजी नाही ते, फ्रेंच आहे, तुम्ही फक्त गूळ आणि तांदूळपिठी पाठवा.